दहावीचा निकाल शंभर टक्के, पण नववीतली मुले कुठे गेली? (नाशिकमधील माध्यमिक शाळांचा पट आणि निकाल)

सातपूरची_पालक (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी सातपूर भागातील महापालिकेच्या शाळेत आठवीला शिकते. तिची शाळा आठवीपर्यंतच आहे, त्यामुळे जूनमध्ये तिला नववीसाठी दुसरी शाळा शोधावी लागणार आहे. त्यासाठी गेल्या दोन महिन्यांत मी अशोकनगर, सातपूर कॉलनी आणि सिडको या भागांतील चार शाळांमध्ये जाऊन आले. त्यांतील काही महापालिकेच्या, तर काही खासगी संस्थांच्या पण अनुदानित आहेत. आपल्याकडे या दोन्हींना लोक सरकारी शाळाच म्हणतात, कारण शिक्षकांचा पगार सरकारी पैशातून होतो आणि फी नाममात्र असते.

चारही ठिकाणी फाटकावर दहावीच्या निकालाचा फलक होता. एका ठिकाणी सलग तीन वर्षे शंभर टक्के निकाल असल्याचे लिहिले होते. मी कार्यालयात विचारले की मागील वर्षी नववीत किती मुले होती आणि त्यांपैकी किती दहावीच्या परीक्षेला बसली. उत्तर मिळाले, "ताई, तुम्हाला निकाल कळला ना, मग नववीचे काय करायचे आहे?" उत्तर उद्धटपणे दिलेले नव्हते, आणि बहुधा हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारला असावा.

घरी येऊन मी यू-डायसच्या, म्हणजे देशभरातील शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या, 'नो युवर स्कूल' या संकेतस्थळावर त्या शाळेची माहिती पाहिली. तेथे इयत्तानिहाय पट (म्हणजे मुलांची नोंदलेली संख्या), मुली-मुलगे, शिक्षकांची संख्या, सामाजिक प्रवर्ग असे बरेच काही मिळते. एका वर्षीचा नववीचा आकडा आणि पुढच्या वर्षीचा दहावीचा आकडा शेजारी शेजारी ठेवल्यावर लक्षात आले की मधल्या काळात बरीच मुले कमी झाली आहेत. ती मुले दुसऱ्या शाळेत गेली, गावी गेली, कामाला लागली, की त्यांनी शाळाच सोडली, हे त्या तक्त्यावरून समजत नाही.

या धाग्यावर शिक्षक, मुख्याध्यापक, कार्यालयीन कर्मचारी असे जे कोणी असतील त्यांना माझी विनंती आहे की पट, मुलांचा सामाजिक तपशील आणि निकाल हे तीन आकडे एकत्र कसे वाचायचे, हे कृपया सविस्तर सांगावे. मी स्वतः दहावीपर्यंतच शिकले आहे, परंतु आकडे समजून घ्यायची माझी तयारी आहे.

निवृत्त_मुख्याध्यापक

ताई, तुम्ही जो प्रश्न कार्यालयात विचारला, तोच प्रश्न मी तीस वर्षांच्या नोकरीत पालकांकडून ऐकण्याची वाट पाहिली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

निकालाची टक्केवारी हा एक अपूर्णांक आहे आणि त्यात वर उत्तीर्ण विद्यार्थी, तर खाली परीक्षेला बसलेले नियमित विद्यार्थी असतात. फलकावर लिहिलेली टक्केवारी वाढवण्याचे म्हणूनच दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे अधिक मुलांना शिकवून उत्तीर्ण करणे, आणि दुसरा म्हणजे नापास होण्याची शक्यता असलेल्या मुलांना परीक्षेपर्यंत पोहोचूच न देणे. समजा, एखाद्या शाळेत नववीला १०० मुले आहेत. त्यांतील ८२ दहावीच्या परीक्षेला बसली आणि ७८ उत्तीर्ण झाली, तर शाळेचा निकाल ९५ टक्के लागतो आणि शेजारच्या चौकात अभिनंदनाचा फलक लागतो. नववीच्या शंभर मुलांच्या हिशेबाने मात्र तो ७८ टक्के आहे. दुसऱ्या एका शाळेत नववीच्या १०० मुलांपैकी ९६ परीक्षेला बसली आणि ८५ उत्तीर्ण झाली, तर तिचा निकाल ८९ टक्क्यांच्या आत राहतो आणि संस्थाचालक मुख्याध्यापकाला जाब विचारतात. मुले अधिक कोणी पुढे नेली, हे तुम्हीच ठरवा.

ही गळती नववीतच का होते, त्याला कायद्याचे कारण आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार आठवीपर्यंत मुलाला नापास करून त्याच वर्गात ठेवता येत नव्हते. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली, तरी मूल खऱ्या अर्थाने पहिल्यांदा चाळणीवर येते ते नववीतच. वाचनात आणि भागाकारात पाचवीपासून मागे पडलेला मुलगा आठवीपर्यंत वर ढकलला जातो, नववीत बीजगणित आणि भूमिती समोर आली की वर्षभर गप्प बसतो आणि एप्रिलमध्ये नापास होतो. त्यानंतर त्याच्या पालकांना शाळेत बोलावून, "याचे नाव काढून घ्या, सतरा नंबरचा अर्ज भरा, म्हणजे वर्ष वाया जाणार नाही," असे सांगितले जाते. सतरा नंबरचा अर्ज हा खासगीरीत्या दहावीला बसणाऱ्यांसाठी आहे, आणि कामावर जाणाऱ्या किंवा शाळा सुटलेल्या मुलांसाठी ती फार चांगली सोय आहे. परंतु मंडळ नियमित, पुनर्परीक्षार्थी आणि खासगी विद्यार्थ्यांचे निकाल वेगवेगळे देते, त्यामुळे असा मुलगा खासगी म्हणून नापास झाला तर शाळेच्या निकालाला धक्का लागत नाही. मी मुख्याध्यापक असताना माझ्यावरही असे करण्याचा दबाव आला होता. दोन वर्षे मी त्याला बळी पडलो, हे मी येथे लिहून ठेवतो. त्या दोन वर्षांत आमचा निकाल वाढला होता.

दुसरी गोष्ट अशी की निकालाची टक्केवारी वर्षावर्षांची तुलना करायला फार विश्वासार्ह नसते. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२० मध्ये पुन्हा ९५.३० टक्क्यांवर गेला. एका वर्षात राज्यभरातील मुले मंद झाली आणि दुसऱ्या वर्षी हुशार झाली, असे काही घडले नव्हते. २०१९ मध्ये दहावीचा अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि नववीचे गुण व अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल ९९.९५ टक्के लागला. म्हणून ज्या शाळेच्या फलकावर २०२१ चा शंभर टक्के निकाल आजही अभिमानाने लिहिलेला असेल, तो वाचून पुढे जावे.

आपल्या नाशिक विभागीय मंडळाचा निकाल २०२४ मध्ये ९५.२८ टक्के आणि २०२५ मध्ये ९३.०४ टक्के होता. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के, तर कोकण विभागाचा ९८.८२ टक्के होता. विभाग म्हणजे नाशिकसह धुळे, जळगाव आणि नंदुरबार असे चार जिल्हे असतात, हेही ध्यानात असू द्यावे. सातपूरच्या शाळेची तुलना त्या सरासरीशी करून फारसे काही हाती लागत नाही.

जनरल_रजिस्टर

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक आहे. सरांनी निकालाबद्दल लिहिले, मी पटाबद्दल लिहितो, कारण पटाचे काम माझ्या टेबलावरून जाते.

शाळेचा पट हा पालकांना फक्त आकडा वाटतो. शाळेसाठी मात्र शिक्षकांची पदे त्याच आकड्यावर ठरतात. ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते आणि त्यात शाळेला किती शिक्षक मंजूर आहेत हे कळते. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलल्यापासून कमी पटाच्या शाळांत तर पाच-सात मुलांवरून एखादे पद राहते किंवा जाते. पद गेले की तो शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचे समायोजन दुसऱ्या शाळेत होते. मग गणिताचा शिक्षक विज्ञान शिकवतो, चित्रकलेचा शिक्षक भूगोलाचे तास घेतो, आणि पुढच्या वर्षी पालक म्हणतात की येथे शिकवणे बरोबर नाही, म्हणून मुले काढतात. पट आणखी घटतो. हे चक्र मी माझ्याच शाळेत पाहिले आहे.

या कारणामुळे पूर्वी पट फुगवण्याचेही प्रकार होत असत आणि त्यावर ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली होती. आता विद्यार्थीनिहाय नोंद आहे, प्रत्येक मुलाला कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक आहे, आणि संचमान्यता आधार पडताळणी झालेल्या मुलांवर करण्याचे धोरण आल्यापासून बोगस नावे ठेवणे अवघड झाले आहे. हे चांगलेच झाले. पण त्याची दुसरी बाजू मला रोज दिसते. जनरल रजिस्टरला, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या आणि शाळा सोडल्याच्या नोंदवहीत, मुलाचे नाव जन्मदाखल्यावरून एका पद्धतीने लिहिलेले असते, आधारवर आडनाव आधी असते किंवा वडिलांच्या नावातील एक काना सुटलेला असतो, आणि ते मूल 'अवैध' म्हणून दिसते. वयाच्या पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात, म्हणजे नेमके नववी-दहावीत. आई-वडील दोघेही कंपनीत पाळीवर असतील तर आधार केंद्रावर जायला एक खाडा पडतो, आणि खाड्याचा पगार कापला जातो. अशी मुले वर्गात रोज बसतात, त्यांना आम्ही शिकवतो, परंतु कागदावर ती मोजली जात नाहीत.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मधली मुले कुठे गेली, हे तुम्हाला संकेतस्थळावर दिसणार नाही, पण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दिसते. त्यात 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असतो. माझ्या आधीच्या लिपिकाच्या हस्ताक्षरात त्या रकान्यात पानेच्या पाने 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहिलेले आहे. एकाच शाईने, एकाच दिवशी, ओळीने. त्यातला कोणता मुलगा वडिलांची बदली झाल्यामुळे गेला, कोणाला नववीत नापास झाल्यावर नाव काढायला सांगितले, आणि कोणत्या मुलीचे लग्न ठरले, हे त्या पानावरून कोणालाही सांगता येणार नाही. मी या पदावर आल्यापासून खरे कारण लिहितो आणि दाखला नेणाऱ्या पालकांना पुढची शाळा कोणती, हे विचारून पेन्सिलीने समासात टिपून ठेवतो. नियमात तसे कोठे सांगितलेले नाही, परंतु पुढच्या शाळेने त्या मुलाला ऑनलाइन प्रणालीत ओढून घेतले नाही तर ते 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, म्हणजे एक शाळा सोडलेल्या पण दुसरीकडे न नोंदलेल्या मुलांच्या यादीत, पडून राहते, आणि मग मला निदान फोन करायला एक धागा असतो.

पेठरोडची_शिक्षिका

वरील दोन्ही प्रतिसाद मन लावून वाचले. मला सामाजिक तपशिलाच्या रकान्यांबद्दल सांगायचे आहे, कारण ताईंनी तो प्रश्न विचारला आहे आणि त्यावर सहसा कुजबुजतच बोलले जाते.

नाशिक शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे साडेसहा लाख होती, २००१ मध्ये ती पावणेअकरा लाखांच्या आसपास गेली आणि २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजार झाली. २०२१ मध्ये व्हायची जनगणना तेव्हा झालीच नाही. ही वाढ सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींमुळे आणि जिल्ह्यातून, खानदेशातून, तसेच उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेल्या कुटुंबांमुळे झाली, आणि या कुटुंबांची मुले प्रामुख्याने महापालिकेच्या व अनुदानित शाळांत येतात. जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण २०११ मध्ये सुमारे २५.६ टक्के होते. पेठ आणि सुरगाणा हे तालुके तर जवळजवळ संपूर्ण आदिवासी आहेत. पेठ रोड, फुलेनगर, म्हसरूळ या बाजूला शाळा असेल तर तेथील वर्गात कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल ही मुले मोठ्या संख्येने असणारच. सिडकोतल्या वर्गात अहिराणी ऐकू येते, अंबडच्या बाजूला भोजपुरी. वर्ग एकच, माध्यम मराठी, पण घरची भाषा मराठीच्या पुस्तकातली असलेली मुले त्यात थोडी असतात.

यू-डायसमध्ये सामाजिक प्रवर्गाचे मुख्य रकाने चार आहेत: सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग. आपल्या राज्यातील विमुक्त जाती आणि भटक्या जमाती त्यांत वेगळ्या दिसत नाहीत. त्या इतर मागासवर्गात मिसळतात. त्यामुळे बांधकामावर खडी फोडणाऱ्या वडार कुटुंबातील मुलगी आणि गावात पाच एकर बागायत असलेल्या कुटुंबातील मुलगा हे तक्त्यात एकाच रकान्यात येतात. त्या मुलीची गळती झाली तर इतर मागासवर्गाच्या सरासरीत ती दिसतही नाही. माझ्या मते, तक्त्यात दिसणाऱ्या मुलांपेक्षा न दिसणाऱ्या मुलांची काळजी अधिक केली पाहिजे.

गैरहजेरीचे एक उदाहरण सांगते. माझ्या नववीच्या वर्गात गेल्या वर्षी एक मुलगा होता. गणितात बरा होता, वही नीट ठेवायचा. दिवाळीनंतर तो सोमवार-मंगळवारी येईनासा झाला आणि जानेवारीपासून आठवडा-आठवडा दिसला नाही. मी त्याच्या घरी गेले तेव्हा तो ओट्यावर बसून हात धूत होता. द्राक्षबागेत घड विरळून त्याच्या बोटांच्या टोकांना काळा चिकट थर आला होता आणि तो साबणाने निघत नव्हता. आई-वडील आणि तो अशा तिघांची टोळीत मजुरी होती. ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत दिंडोरी आणि निफाडच्या बागांना माणसे लागतात, आणि काढणीचा जोर आणि दहावीची परीक्षा हे दोन्ही नेमके फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. त्याने मला विचारले, "मॅडम, मी पेपरच्या दिवशी आलो तर चालेल का?" मी हो म्हटले. तो आला, नववी उत्तीर्ण झाला, आणि आता दहावीत आहे. हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा दोन पाने भरतील इतक्या आहेत, आणि एखाद्या शाळेने त्याच खुणांवरून त्याचे नाव कमी केले असते तर नियमाने तिला कोणी दोष दिला नसता.

मुलींच्या बाबतीत कारणे वेगळी आहेत. २०२५ मध्ये राज्यात दहावीला मुलींचा निकाल ९६.१४ टक्के आणि मुलग्यांचा ९२.३१ टक्के होता. मुली परीक्षेपर्यंत पोहोचल्या की उत्तीर्ण होतातच, असे मी अनुभवाने सांगते. आठवीनंतर शाळा दोन किलोमीटर लांब गेली, धाकटे भावंड सांभाळायला कोणी नसले, किंवा शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसले, की त्या थांबतात. ताई, तुम्ही मुलीसाठी शाळा पाहत आहात, तेव्हा निकालाच्या फलकाआधी स्वच्छतागृहाचा नळ सोडून पाहा.

चौकस_नाशिककर

सर्वांचे म्हणणे आदरपूर्वक वाचले, परंतु एक बाजू मांडणे आवश्यक वाटते. मुले गरीब आहेत, भाषा वेगळी आहे, मजुरीला जातात, हे सर्व खरे आहे. मात्र या कारणांची ढाल करून शिकवण्यातील उणीव झाकली जाऊ नये. माझे वडील सातपूरच्या कंपनीत कामगार होते. मी महापालिकेच्या शाळेत शिकलो आणि दहावीच्या गुणांवर शासकीय आयटीआयला प्रवेश मिळाला म्हणून आज स्वतःचे छोटे वर्कशॉप चालवतो. नाशिक महापालिका क्षेत्रात अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश २०१७ पासून होत आहेत आणि २०२५-२६ पासून ते राज्यभर लागू झाले आहेत. आयटीआय असो, पदविका असो वा अकरावी, प्रवेशाच्या यादीत तुमचे गुण तेवढे दिसतात. तुमच्या घरची परिस्थिती दिसत नाही. गरीब मुलाला चांगल्या निकालाची गरज श्रीमंत मुलापेक्षा जास्त आहे, कारण श्रीमंत मुलाकडे दुसरा मार्ग असतो.

त्यामुळे "आमच्याकडे अशीच मुले येतात," हे वाक्य ज्या शाळेत ऐकू येईल तेथे मुलीला घालू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

निवृत्त_मुख्याध्यापक

चौकस यांच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि ते वाक्य मी शिक्षक-खोलीत इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा राग अजून गेलेला नाही. मुले कोणती आली हे समजून घेणे म्हणजे शाळेला सवलत देणे नव्हे. शाळेने त्या मुलांना कोठून उचलले आणि कोठे नेऊन सोडले, हे मोजायचे असेल तर सुरुवातीची पातळी माहीत असावी लागते.

त्यासाठी बाहेरचे दोन पुरावे उपयोगी पडतात. एक म्हणजे राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा आणि राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे एनएमएमएस. एनएमएमएस ही शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलांसाठी असते, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते आणि निवडलेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. शाळेतून किती मुले बसवली, हा प्रश्न किती निवडली गेली याच्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण चांगल्या शाळा पाच निवडक मुले न बसवता निम्मा वर्ग बसवतात. दुसरा पुरावा म्हणजे मुलाची वही. नववीच्या कोणत्याही मुलाची गणिताची वही मागून पाहावी. उदाहरणे फळ्यावरून उतरवलेली आहेत की मुलाने स्वतः चुकत-चुकत सोडवलेली आहेत, हे दहावीपर्यंत शिकलेल्या पालकालाही पाच मिनिटांत कळते.

सेमी_इंग्रजीतला

एक मुद्दा राहिला आहे. माझा धाकटा भाऊ शिक्षण हक्काच्या २५ टक्के राखीव जागांमधून इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत पहिलीला लागला होता. ती सवलत आठवीला संपते. नववीला पूर्ण फी भरावी लागणार म्हटल्यावर वडिलांनी त्याला घराजवळच्या अनुदानित शाळेत आणले. अशा मुलांमुळे काही शाळांचा नववीचा पट आठवीपेक्षा अचानक वाढलेला दिसतो. माझ्या भावाला सेमी-इंग्रजीत गणित आणि विज्ञान सोपे गेले, परंतु इतिहासाचे उत्तर मराठीत लिहायला त्याला पहिले सहा महिने फार कठीण गेले. शाळेने त्याच्यासाठी शनिवारी एक तास मराठी लेखनाचा ठेवला होता, आणि त्या एका तासामुळे तो टिकला. पट वाढलेला दिसला म्हणजे शाळा चांगलीच असे नाही आणि घटलेला दिसला म्हणजे वाईटच असेही नाही, एवढेच सांगायचे आहे.

सातपूरची_पालक (धागाकर्ती)

आपण सर्वांनी इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी हे सर्व प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. जनरल_रजिस्टर दादांनी सांगितलेला समासातील पेन्सिलीचा मजकूर तिला फार आवडला.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा दोन शाळांत गेले. पहिल्या शाळेत मी लेखी विचारले की दोन वर्षांपूर्वी नववीला किती मुले होती, त्यांपैकी किती जणांनी मागील वर्षी तुमच्याच शाळेतून नियमित विद्यार्थी म्हणून परीक्षा दिली आणि किती उत्तीर्ण झाली. तेथे सांगितले की माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा अर्ज आहे, तीस दिवसांची मुदत आहे, तो मी करणार आहे. माझी मुलगी तेथे जाणार नसली तरी करणार आहे, कारण आमच्या गल्लीतील आणखी तीन मुली पुढच्या वर्षी आठवीत जातील.

दुसऱ्या शाळेचा निकाल मागील वर्षी नव्वद टक्क्यांच्या खाली होता आणि त्यांच्या फाटकावर फलकही नव्हता. तेथील मुख्याध्यापिकांनी प्रश्न ऐकल्यावर खुर्ची पुढे केली आणि कपाटातून नववीचे हजेरीपत्रक काढून माझ्यासमोर ठेवले. गळालेल्या मुलांची नावे त्यांना तोंडपाठ होती. एक मुलगा आई-वडिलांबरोबर गावी गेला होता आणि तेथील शाळेत त्याचा प्रवेश झाल्याचे त्यांनी फोन करून पाहिले होते. एका मुलीच्या घरी त्या दोन वेळा जाऊनही ती शाळेत परतली नव्हती, आणि ते सांगताना त्या थोडा वेळ थांबल्या. चौकस दादांनी सांगितल्याप्रमाणे "आमच्याकडे अशीच मुले येतात," हे वाक्य ऐकू येते का, याकडे मी लक्ष ठेवून होते. ते त्यांनी एकदाही उच्चारले नाही. निघताना मी स्वच्छतागृहातील नळ सोडून पाहिला. पाणी होते. एका मुलीकडे गणिताची वही मागितली, तर तिने ती लाजत दिली, कारण तिच्यात बरीच खाडाखोड होती.

सिटीलिंकचा (शहर बससेवेचा) थांबा शाळेपासून चालत सात-आठ मिनिटांवर आहे. विद्यार्थी पाससाठी लागणारी कागदपत्रे मी काढून ठेवली आहेत, आणि मुलीच्या आधारवरील नावातील चूक या शनिवारी दुरुस्त करून घेणार आहे.

जनरल_रजिस्टर

ताई, शनिवारी जाताना जन्मदाखल्याची मूळ प्रत आणि आताच्या शाळेचे बोनाफाइड प्रमाणपत्र दोन्ही बरोबर ठेवा. सकाळी लवकर जा. आणि आठवीचा दाखला काढताना 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात 'पुढील शिक्षणासाठी, इयत्ता नववी' असे स्पष्ट लिहून मागा.

सातपूरची_पालक (धागाकर्ती)

हो दादा, तसेच लिहून घेते.